आधी कान, मग पाना

गाडी सपाट जागेवर उभी करा. हँडब्रेक ओढा, गिअर न्यूट्रलला आणा. इंजिन सुरू करायचं नाही. किल्ली एवढीच फिरवा की डॅशबोर्डवरचे दिवे लागतील. एसीचा पंखा बंद, रेडिओ बंद, चारही काचा खाली. शेजारी कुणी बसलं असेल तर त्यांना म्हणावं, जरा दोन मिनिटं काही बोलू नका. आता वायपरची दांडी स्वतःकडे ओढा आणि धरून ठेवा. काचेकडे बघू नका. डोळे मिटले तरी चालेल. ऐका.

पुढच्या बाजूने, बहुतेक गाड्यांत बंपरच्या एका कोपऱ्यातून, बारीक घुंईऽऽ असा आवाज यायला हवा. आला? की काहीच नाही? की आला, पण अडखळत, जड झालेला? चार-पाच सेकंद पुरे. दांडी सोडा. काचेवर पाणी फेकणारी ही वॉशरची मोटर कोरडी जास्त वेळ फिरवायची नसते. आतून जाणारं पाणीच तिला थंड ठेवतं आणि वंगणाचं कामही तेच करतं.

लगेच बॉनेट उघडू नका. काचेवर पाणी येत नाही हे तर आधीच ठाऊक होतं. नवीन कळलेली गोष्ट एकच आहे: आवाज आहे किंवा नाही. ती मनात नीट ठेवा. ‘मोटर गेली’ हे वाक्य एव्हाना जिभेवर आलं असेल. येऊ द्या, पण त्यावर सही करू नका. बऱ्याच गॅरेजांतही पहिलं वाक्य हेच असतं: मोटर बदलून टाकू, साहेब. पाणी आलं तर निदान बरोबर ठरतं, नाही आलं तर मग नोझल बदलू, मग पाइप. पाच सेकंद ऐकण्याचा कंटाळा केल्याचं ते बिल असतं. आपल्या परंपरेने श्रवण आधी आणि मनन नंतर ठेवलं आहे. इथे तो क्रम अक्षरशः पाळायचा.

तोवर थोडा वेळ काचेपाशी थांबू. संध्याकाळी पुण्याहून मुंबईकडे निघालेल्या माणसाला तिचं महत्त्व सांगावं लागत नाही. द्रुतगती मार्गावर सूर्य थेट समोर येतो, पुढच्या ट्रकने उडवलेला चिखल काचेवर बसतो, आणि वायपर एकदा फिरला की सगळी काच दुधाळ. ताशी ८० किलोमीटरने गाडी सेकंदाला २२ मीटर जाते; तीन सेकंद दिसलं नाही म्हणजे पासष्टहून जास्त मीटर आंधळेपणाने. कोल्हापूर-सांगलीकडे गळीत हंगामात उसाचे ट्रॅक्टर शेतातला ओला चिखल डांबरावर सोडत जातात, तेव्हाही हेच. उन्हाळ्यातलं नुकसान मात्र दिसत नाही, हळूहळू होतं. कोरड्या काचेवर धूळ, तिच्यावर कोरडा वायपर. धुळीत क्वार्ट्झचे कण असतात. काठिण्याच्या मोह्स मोजपट्टीवर क्वार्ट्झ ७ वर आहे, काच साडेपाचच्या आसपास. म्हणजे प्रत्येक कोरड्या फेऱ्यात काचेवर कोरीव काम चालू असतं. उन्हाकडे तोंड करून काच तिरकी बघा. अर्धवर्तुळाकार ओरखडे चमकताना दिसतील. ते परत जात नाहीत. तो फवारा कसला लाड नव्हे. वायपर आणि काच यांच्यामध्ये पाण्याचा पातळ थर राहावा, एवढ्याचसाठी तो आहे.

वायपरचं पेटंट अमेरिकेतल्या अलाबामाच्या मेरी अँडरसन यांना १९०३ मध्ये मिळालं. त्यांची दांडी आतून हाताने ओढायची, की बाहेर रबराची पट्टी फिरायची. हात इकडे हलला की तिकडे काम झालं, मध्ये फारसं काही नाही. आपणही दांडीच ओढतो, पण आपला हात आणि काचेवरचा थेंब यांच्यामध्ये आता स्विच आहे, फ्यूज आहे, वायर, मोटर, जाळी, पाइप, झडप, टी आकाराची जोडणी आणि सुईच्या अग्राएवढं भोक. यांपैकी एक रुसलं तरी काचेवर दिसणारा परिणाम तोच: काहीच नाही. म्हणून काचेकडे बघून निदान होत नाही. ती सगळ्या दोषांना एकच उत्तर देते.

आता सावकाश पाण्याच्या वाटेने मनातल्या मनात जाऊन या. बॉनेटखाली काच आणि कारंजं असं चित्र असलेलं झाकण, बहुधा निळं. (कूलंटचं झाकण वेगळं. गरम इंजिनावर ते चुकूनही उघडायचं नाही.) झाकणाखाली गळा, आणि गळा खाली उतरत जातो तो मडगार्डच्या आत किंवा बंपरच्या मागे दडलेल्या टाकीत. लहान गाड्यांत तिच्यात साधारण दोन-तीन लिटर मावतं. टाकीच्या तळाशी एका रबरी बुशात मोटर दाबून बसवलेली असते, अंगठ्यापेक्षा थोडी जाड. बुशातच बारीक जाळी. मोटरच्या तोंडाला पाइप. पाइप बॉनेटच्या बिजागरीजवळून वळतो, कुठे तरी एक छोटी एकेरी झडप ओलांडतो, टीपाशी दोन फाट्यांत विभागतो आणि दोन नोझलांपर्यंत पोचतो. एवढाच प्रवास. हाताने अजून कशालाही शिवलेलो नाही, तरी नकाशा तयार आहे.

दांडी ओढल्यावर वायपरने दोन-तीन फेरे मारले का, हेही आठवा. पुष्कळ गाड्यांत एकाच ओढीत फवारा आणि फेरे दोन्हींची सोय असते. फेरे झाले असतील तर हाताचा हुकूम निदान स्विचच्या पुढे गेला. हॅचबॅक असेल तर मागच्या काचेचा वॉशर चालवून बघा. काही गाड्यांत मोटर एकच असते आणि तोंडं दोन. एका दिशेने फिरली की पाणी पुढे, उलट फिरली की मागे. अशा गाडीत मागे पाणी येतंय आणि पुढे नाही, तर मोटर जिवंत आहे. एक पैसा न खर्चता अर्धा संशय गळाला. चाचणी निवडताना हेच बघावं: उत्तर हो आलं तरी काही कळलं पाहिजे, नाही आलं तरी काही कळलं पाहिजे. नवी मोटर बसवून बघण्यात हे नसतं. पाणी नाही आलं तर जुनी मोटर चांगली होती की नवीही वाईट निघाली, हे कळत नाही ते नाहीच.

समजा आवाज आला. मग वीज तिचं काम करते आहे. आता प्रश्न पाण्याचा. पहिली शक्यता इतकी साधी की सांगताना संकोच वाटतो: टाकी रिकामी. गळ्यातून खाली काही दिसत नाही, म्हणून भरा. काठोकाठ भरा आणि गाडीखाली बघा. टपटप लागली तर टाकीला तडा आहे किंवा तो रबरी बुश कडक होऊन आकसला आहे. टाकी टिकते, आवाज येतो, आणि दांडी ओढल्यावरच पाणी खाली सांडतं, तर पाइप सुटला आहे किंवा कुरतडला आहे. पावसाळ्यात उंदीर बॉनेटखाली उबेला येतात आणि मऊ रबर त्यांना फार आवडतं. तुटलेल्या टोकावर दातांच्या जोडखुणा स्पष्ट दिसतात. तंबाखूची पानं टांगण्याचा उपाय सगळे सांगतात, माझा त्यावर फारसा विश्वास नाही. खराब तुकडा सरळ कापावा आणि जोडणी घालून नवा तुकडा बसवावा. माशांच्या टाकीच्या दुकानात मिळणारी हवेची नळी अनेक गाड्यांना चपखल बसते, पण इंजिनच्या धगीने ती कडक होते. घरी पोचेपर्यंतची सोय एवढंच तिला समजा.

आणि सांडतही नाही, आवाजही आहे, काचेवर थेंब नाही? मग कुठे तरी चोकअप आहे. इथे घाई करू नका, कारण इथेच सगळ्यात जास्त शिकायला मिळतं.

बॉनेट उघडा. नोझलला खालून जोडलेला पाइप हलक्या हाताने पिळत पिळत काढा. सरळ ओढला तर नोझलची प्लॅस्टिकची नळी मोडते. पाइपाचं मोकळं टोक बाटलीत धरा आणि आतल्या माणसाला दांडी ओढायला सांगा. बाटलीत जोरदार धार आली तर दोष तुमच्या बोटांपासून दोन इंचांवर आहे, नोझलमध्ये. नाही आली तर पाण्याच्या उलट दिशेने सरका: टी, झडप, मोटरचं तोंड, जाळी. एका बाजूचं नोझल उडतं आणि दुसऱ्या बाजूचं नाही, तर टीच्या अलीकडचं सगळं निर्दोष; ते मनातून पुसून टाका. दांडी ओढल्यावर पाणी येतं पण बराच उशिरा, तर ती एकेरी झडप ढिली आहे आणि पाइपातलं पाणी दर वेळी टाकीत परत उतरतं आहे. नवी झडप लावताना तिच्यावरचा बाण नोझलकडे असू द्या.

नोझल भिंगातून बघा, किंवा मोबाइलच्या कॅमेऱ्याने मोठं करून. भोकाभोवती पांढरं कडं दिसेल, खडूचा कठीण थर. दख्खनच्या बेसाल्टमधून येणारं बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड असतं. त्यात कॅल्शियम विरघळलेलं असतं. नोझल बसतं तापलेल्या बॉनेटवर. प्रत्येक वापरानंतर भोकाच्या तोंडाशी एखादा थेंब अडकून राहतो, पाणी उडून जातं, क्षार राहतात. पुढच्या थेंबाचे त्यावर. तुषार उडायचा तिथे आधी धार तिरकी होते, मग बारीक, मग थेंब, मग काहीच नाही. ठिबक वापरणाऱ्या शेतकऱ्याला हे समजावून सांगावं लागणार नाही. ड्रीपरची तोंडं अशीच बंद होतात, आणि त्याला दोन्ही रोग ओळखता येतात: क्षारांसाठी आम्ल, शेवाळासाठी क्लोरीन. गाडीच्या टाकीत त्यातलं काहीही ओतायचं नाही, रबर आणि रंग दोन्ही जातील. पण विचार तोच. नोझल काढता येत असेल तर वाटीभर साध्या व्हिनेगरमध्ये तासभर बुडवून ठेवा. कड्यावर बारीक बुडबुडे धरतील. तो कार्बन डायऑक्साइड आहे, खडू विरघळल्याची खूण. मग स्वच्छ पाण्याने धुवा आणि बाहेरच्या भोकातून आत फुंका. पाण्याच्या उलट दिशेने. वरून टाचणी खुपसली तर कचरा आणखी आत जातो. तीन-चार वेगळ्या धारा सोडणारं जुन्या पद्धतीचं नोझल सुईने थोडं टोकरलं तर सहन करतं. पंख्यासारखा पसरट तुषार सोडणाऱ्याच्या आत वळणावळणाच्या वाटा असतात, तिथे सुई नकोच.

आता दुसरी शाखा: आवाजच नाही. टाकीत पाणी आहे, हे एकदा बघून घ्या आणि फ्यूजच्या डब्याकडे वळा. झाकणाच्या आतल्या बाजूला किंवा गाडीच्या पुस्तकात वॉशरचा फ्यूज कोणता ते छापलेलं असतं. कित्येक गाड्यांत तो वायपरसोबतच असतो. तसं असेल आणि वायपर फिरत असेल, तर फ्यूज ठीक आहे, पुढे चला. नाहीतर तो चिमट्याने काढून उजेडाकडे धरा. आतली तार सलग आहे की तुटून काळी पडली आहे? लाल असेल तर १० अँपिअरचा, निळा असेल तर १५ चा. तेवढ्याच अँपिअरचा घाला. नवा घातल्याबरोबर तोही उडाला तर तिसरा घालू नका. तो उडतो आहे म्हणजे आपलं काम चोख करतो आहे; पुढे मोटर जाम आहे किंवा वायर उघडी पडून बॉडीला चिकटते आहे.

फ्यूज बरा असेल तर मोटरपर्यंत हात पोचवावा लागतो. स्टिअरिंग पूर्ण एका बाजूला वळवा म्हणजे चाक बाजूला होऊन मडगार्डचं काळं प्लॅस्टिक मोकळं मिळेल. चार-पाच क्लिपा काढल्या की ते वाकतं आणि टाकी दिसते. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरायचं नाही, या बाबतीत चर्चा नको. मोटरचा दोन पिनांचा प्लग काढा. त्याच्या दोन टोकांना छोट्या बल्बचा टेस्ट लॅम्प लावा आणि आतून दांडी ओढायला सांगा. बल्ब लख्ख पेटला तर वीज इथवर येते आहे, मोटर घेत नाही. नाही पेटला तर दोष मागे आहे: वायर, अर्थिंग, स्विच. बल्बऐवजी मल्टिमीटर लावला तर एक गंमत होते. सडलेल्या वायरचा एक धागा उरला असेल तरी मीटर ऐटीत १२ व्होल्ट दाखवतो, कारण तो स्वतः जवळजवळ काहीच करंट ओढत नाही. बल्ब ओढतो, म्हणून तो अशक्त वायरपुढे मिणमिणतो. जुने वायरमन आजही खिशात बल्ब ठेवतात, ते उगीच नाही. पिनांवर हिरवट भुकटी दिसली तर ती आधी घासून काढा. मोटरच्या खात्यात लिहिलेले किती तरी मृत्यू त्या भुकटीचे असतात.

बल्ब पेटला, पिना साफ केल्या, तरी मोटर गप्प. आता ते वाक्य बोलायला हरकत नाही: मोटर गेली. बादली खाली ठेवा आणि मोटर हलवत हलवत बुशातून उपसा. टाकीतलं सगळं पाणी एकदम येईल, बाह्या आधीच वर करा. पाण्याकडे बघा, वास घ्या. हिरवट असेल, बुळबुळीत. बुशातली जाळी बोटाने काढून उजेडात धरा: शेवाळाचा पडदा, त्यात अडकलेली धूळ, कडुलिंबाच्या पानाचा सांगाडा, एखादी मुंगी. कधी कधी जाळी धुतली आणि मोटरचा पंखा काडीने दोनदा फिरवला की तीच मोटर उठून बसते, म्हणून नवी आणायला जाण्याआधी प्लग लावून एकदा बघाच. क्षारांनी जाम झालेली असते, जळालेली नसते. नवी घ्यावी लागलीच तर बहुतेक लहान गाड्यांची काही शे रुपयांत मिळते. जुनी हातात घेऊन दुकानात जा, म्हणजे तोंडाची जाडी आणि प्लग दोन्ही जुळवता येतात. बुशही नवाच घ्या. बसवताना तेल किंवा ग्रीस नको, बुश पाण्याने ओला केला की मोटर सरकत आत जाते.

टाकी रिकामी झालीच आहे, तर आत काय भरायचं याचा विचार आत्ताच करावा. शाम्पू नको. भांड्यांचा साबण नको. जड पाण्यात साबणाचा चिकट साका धरतो आणि तो थेट जाळीवर जाऊन बसतो. नुसतं साधं पाणीही मला पसंत नाही. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंग्लंड आणि वेल्समधल्या एका अभ्यासात, लिजिओनेअर्स या गंभीर न्यूमोनियाचा संबंध वॉशरमध्ये काही न मिसळता साधं पाणी वापरण्याशी आढळला होता. कोमट, साचलेलं पाणी, आणि मग त्याचाच बारीक तुषार श्वासात. वॉशरसाठीचं द्रावण दुकानात मिळतं, बाटलीवर दिलेल्या प्रमाणात ते मिसळावं. त्याने शेवाळही लवकर धरत नाही. पाणी आरओचं घ्या, किंवा घरच्या एसीतून ठिबकणारं फडक्यातून गाळून. ते हवेतून उतरलेलं असतं, त्यात क्षार जवळपास नसतात. गोठण्याची काळजी आपल्याकडे नाही, पण लडाखला गाडी घेऊन जाणार असाल तर न गोठणारं द्रावण भरूनच जा. टाकीतल्या पाण्याचा बर्फ झाला की तो फुगतो आणि टाकी तडकवतो.

क्लिपा लावण्याआधी एकदा दांडी ओढा. पुन्हा आवाज ऐका, या वेळी भरलेल्या टाकीचा; तो कोरड्यापेक्षा खालच्या पट्टीत असतो, ओळख करून ठेवा. धार काचेवर कुठे पडते? उभ्या गाडीत ती वायपरच्या पट्ट्यात मध्यावर किंवा थोडी वर पडावी, कारण वेगात वारा तिला खाली दाबतो. नोझलमध्ये छोटी गोळी असेल तर टाचणीच्या टोकाने केसभर फिरवा, पुन्हा बघा. धार छतावरून मागे उडत असेल तर मागून येणारा स्कूटरवाला तुम्हाला जे बोलेल ते योग्यच असेल.

हॅचबॅकवाल्यांचं काम अजून संपलेलं नाही. मागच्या काचेचा पाइप बहुधा गाडीच्या आतून, दाराच्या पट्टीखालून किंवा छताच्या अस्तराआडून जातो आणि डिकीच्या दाराशी एका रबरी वळकटीतून वाकतो. दार उघडलं-लावलं की तो तिथेच दुमडतो, आणि वर्षांनुवर्षं दुमडून तिथेच चिरतो. पाणी तेव्हा काचेऐवजी गाडीत सांडतं. डिकीतली चटई उचला आणि खाली हात फिरवा. ओलं लागलं तर मागचा वॉशर वापरणं आजपासून बंद. वळकटी सोडवून तो तुकडा बदलेपर्यंत मागची काच फडक्यानेच पुसा.